मुलगा नैरोबीत निवांत, आणि आईची झोप उडालेली

ताई, तुमचं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. ताईंचा मुलगा दोन वर्षांच्या कामासाठी नैरोबीला गेलाय. तो गेल्यापासून ताई केनियाबद्दल वाचायला लागल्या, वाचता वाचता नैरोबीतल्या वेस्टगेट मॉलच्या हल्ल्याचे व्हिडिओ समोर आले, मग गारिसा विद्यापीठावरच्या हल्ल्याचे, मग नायजेरियातल्या पळवून नेलेल्या शाळकरी मुलींचे, आणि आता रोज रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर हेच चालतं. मुलगा मॉलमध्ये गेलाय असं कळलं की यांचे हातपाय गार पडतात. मुलगा म्हणतो, आई इथे सगळे नॉर्मल आहेत, तूच उगाच घाबरतेस. नातेवाईक म्हणतात परत बोलव. त्यात मुलाचा रूममेट सोमाली आहे म्हटल्यावर घरच्या ग्रुपवर "त्याला लगेच दुसरीकडे शिफ्ट व्हायला सांग" असे मेसेज सुरू झालेत. ताईंचा प्रश्न असा की जिथे हे घडतं तिथले लोक आरामात आणि मी इतक्या लांब बसून मरणाची घाबरतेय, तर नक्की चुकतंय कोण? आणि पत्राच्या शेवटी एक ओळ आहे की डिसेंबरात तो मित्रांबरोबर बसने लामूला, समुद्रावर जाणारे, शहराच्या गर्दीतून चार दिवस बाहेर पडेल म्हणून तेवढंच बरं वाटतंय. या ओळीबद्दल मला बोलायचंय, पण नंतर.

आधी उत्तर सांगून टाकते. परत बोलावू नका, निदान या भीतीपोटी तरी नको. आणि चुकत कोणीच नाहीये. तुमची भीती एका गोष्टीतून बनलीय आणि नैरोबीतल्या माणसाची वेगळ्याच गोष्टीतून, म्हणून त्या एकमेकींशी जुळत नाहीयेत.

तुमच्या भीतीत काय काय आहे ते बघा. वेस्टगेटचा हल्ला २१ सप्टेंबर २०१३ ला झाला, सोमालियातल्या अल शबाब या अतिरेकी गटाने तो केला, चार हल्लेखोर होते, ६७ लोक गेले, चार दिवस ते प्रकरण चाललं. तुम्ही तो व्हिडिओ आज रात्री बघता, उद्या परत बघता, आणि आपल्या मेंदूला व्हिडिओखालची तारीख दिसत नाही, त्याला वाटतं हे आत्ता चाललंय. जे चित्र पटकन डोळ्यासमोर येतं ते वारंवार घडत असणार असं आपलं मन धरून चालतं, ट्व्हर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ सालीच हे दाखवून दिलं होतं, आणि तेव्हा तर एक व्हिडिओ बघितला की तसलेच आणखी दहा पुढ्यात ढकलणारं काही नव्हतं. २०१३ ला अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, त्यानंतर संशोधकांनी हजारो लोकांची पाहणी केली, तर जे लोक त्या आठवड्यात रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ त्याच बातम्या बघत होते त्यांच्यात ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही जास्त निघाली. घरात बसून बघणाऱ्यांची अवस्था जास्त वाईट! तेव्हा ताई, तुम्हाला जे होतंय तो वेडेपणा नाही, इतकं बघितल्यावर कोणालाही ते होईल.

आणि तुमच्यापर्यंत केनिया पोचतो तो फक्त तेवढाच पोचतो, हेही आहे. एखादं शहर वर्षाचे ३६४ दिवस कामाला जातं, मुलांना शाळेत सोडतं, ट्रॅफिकमध्ये अडकतं, त्याची बातमी बाहेर कोण देणार? बाहेर जातो तो एक दिवस. जुलै २०१५ मध्ये ओबामा केनियाला जाणार होते तेव्हा सीएनएनने बातमी दिली की ते दहशतवादाच्या अड्ड्यावर चाललेत. केनियन लोक ट्विटरवर इतके तुटून पडले की पुढच्या महिन्यात त्या चॅनेलचा मोठा अधिकारी नैरोबीला येऊन राष्ट्राध्यक्षांना भेटला आणि माफी मागून गेला. २०१९ मध्ये नैरोबीतल्या एका हॉटेलवर हल्ला झाला, त्यानंतर न्यूयॉर्क टाइम्सने मेलेल्या माणसांचे फोटो छापले तेव्हाही तिथले लोक असेच चिडले होते, आणि त्यांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो, तुमच्या देशात असं झालं असतं तर तुम्ही मृतांचे असे फोटो छापले असते का?

पण तुमचा मुलगा म्हणतो की सगळे नॉर्मल आहेत, ते सुद्धा अर्धंच खरं आहे. तिथे भीती आहे, फक्त ती चेहऱ्यावर घेऊन कोणी फिरत नाही. गारिसा विद्यापीठावर २ एप्रिल २०१५ ला हल्ला झाला, १४८ जणांचा जीव गेला, त्यात बहुतेक सगळे विद्यार्थी. त्यानंतर दहा दिवसांनी नैरोबी विद्यापीठाच्या किकुयू कॅम्पसमध्ये पहाटे विजेच्या बिघाडाने मोठा आवाज झाला. हॉस्टेलमधल्या मुलांना वाटलं आपल्यावरच हल्ला झाला, अंधारात पळापळ, खिडक्यांतून उड्या, शंभराहून जास्त जखमी आणि एक विद्यार्थी गेला. अतिरेकी नव्हतेच तिथे. त्याच वर्षी नोव्हेंबरात नैरोबीतल्याच दुसऱ्या एका विद्यापीठात हल्ला झाल्यास काय करायचं याची सरावाची कवायत ठेवली, लोकांना ती खरीच वाटली, कर्मचाऱ्यांपैकी एका बाईंनी घाबरून खाली उडी मारली आणि त्यात त्यांचा जीव गेला. त्याआधी दहा वर्षं बगदादमध्ये, ३१ ऑगस्ट २००५ ला, यात्रेच्या गर्दीत पुलावर कोणीतरी ओरडलं की आत्मघातकी हल्लेखोर घुसलाय, आणि त्या चेंगराचेंगरीत साडेनऊशेच्या वर माणसं गेली. एकही बॉम्ब त्या पुलावर फुटला नव्हता.

म्हणजे भीती जवळच्यांनाही आहे आणि लांबच्यांनाही आहे. मग ती कमी-जास्त कशाने होते? मी या विषयावर बरंच वाचत आलेय, आणि माझं मत असं झालंय की नुसत्या मेलेल्यांच्या आकड्याने ती ठरत नाही, ती दोन गोष्टींवर ठरते. उद्या काही झालं तर मला खरं कोण सांगणार, आणि मला वाचवायला कोण येणार. श्रीमंत देशातला माणूस हे दोन्ही गृहीत धरतो, फोन लावला की कोणीतरी येईल असं त्याला वाटतं, टीव्हीवरचा अधिकारी आकडा सांगतोय तो साधारण खरा असेल असं वाटतं. विकसनशील देशातल्या बहुतेकांना ही दोन्ही गृहीतकं परवडत नाहीत, आणि तिथल्या भीतीचा सगळ्यात मोठा भाग तिथून येतो असं मला वाटतं.

वेस्टगेटचंच घ्या. लोकांच्या मनात ६७ मृत्यू राहिलेच, पण त्याबरोबर हेही राहिलं की पोलिस आणि लष्कर यांचा आपापसात ताळमेळ नव्हता, गोंधळात आपल्याच माणसाच्या गोळीने पोलिस पथकाचा अधिकारी गेला, सैनिक दुकानांतून पिशव्या भरून सामान नेताना सीसीटीव्हीत दिसले आणि पुढे दोघांना त्याबद्दल शिक्षाही झाली. आत माणसं अडकलेली असताना बाहेर वेगवेगळे अधिकारी वेगवेगळं सांगत होते. गारिसाच्या वेळी नैरोबीहून खास पथक पोचायला कित्येक तास लागले आणि आतली मुलं तोपर्यंत घरी फोन करत होती. आता विचार करा, त्या मुलांचे आईवडील पुढच्या वेळी कसली भीती बाळगतील? अल शबाबची तर आहेच, पण आपल्या लेकराने फोन केला तरी कोणी वेळेत पोचणार नाही ही त्याहून मोठी.

आणि उलटंही होतं. १५ जानेवारी २०१९ ला नैरोबीत दुसित डी टू या हॉटेलच्या आवारावर हल्ला झाला, २१ लोक गेले, वाईटच झालं. पण या वेळी पथकं लगेच पोचली, शेकडो लोकांना बाहेर काढलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळं संपल्याचं स्वतः राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं. वेस्टगेटला चार दिवस, इथे एक. हल्ला तोच प्रकारचा, गट तोच, शहर तेच, पण कोणीतरी धावून आलं हे लोकांनी बघितलं. तुमच्या मुलाला आज जे निवांत वाटतं त्यात याचाही वाटा असणार.

श्रीलंकेत नेमकं उलट झालं. २१ एप्रिल २०१९ ला ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांत स्फोट झाले, अडीचशेच्या वर माणसं गेली. नंतर उघड झालं की हल्ला होणार असल्याची सूचना भारताकडून आधीच आली होती, राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान यांचं एकमेकांशी पटत नव्हतं आणि ती सूचना कागदातच पडून राहिली. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने माजी राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांना निष्काळजीपणाबद्दल १० कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यायला सांगितली. प्रार्थनेला गेलेलं माणूस परत आलं नाही आणि वर असं कळलं की हे माहीत होतं, तर त्या घराला पुढे कधी कोणत्या सरकारी आश्वासनावर विश्वास बसेल? भीती अशी साचत जाते.

बऱ्याच ठिकाणी तर ज्याने वाचवायचं त्याचीच भीती असते. अफ्रोबॅरोमीटर या लोकमत जाणून घेणाऱ्या संस्थेच्या आफ्रिकेतल्या पाहण्यांत पोलिस हे पुन्हा पुन्हा सगळ्यात भ्रष्ट मानल्या जाणाऱ्या संस्थांत येतात. २०१४ च्या एप्रिलमध्ये केनियात हल्ल्यांनंतर पोलिसांनी नैरोबीच्या ईस्टली भागातून हजारो सोमाली लोकांना उचललं, कित्येकांना कासारानी स्टेडियममध्ये नेऊन ठेवलं, पैसे दिल्यावर सोडल्याच्या तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या. तुमच्या मुलाचा रूममेट अशा समाजातला आहे ताई. त्याला बॉम्बचीही भीती आहे, कारण बॉम्ब माणूस बघून फुटत नाही, आणि दारावर आलेल्या पोलिसाचीही. तुमच्या घरच्या ग्रुपवर जे मेसेज चाललेत ते वाचून मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटलं, त्या मुलाने काय केलंय?

आणि हे नुसतं वाईट वाटण्यापुरतं नाही, यातून हिंसा वाढते. यूएनडीपीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने, २०१७ मध्ये आफ्रिकेतल्या अतिरेकी गटांत गेलेल्या लोकांना विचारून एक अहवाल केला, त्यात गटात सामील व्हायला शेवटचं कारण काय झालं असं विचारल्यावर ७१ टक्के लोकांनी सरकारच्याच कुठल्यातरी कारवाईकडे बोट दाखवलं, म्हणजे घरातला माणूस किंवा मित्र मारला गेला, किंवा पकडून नेला. म्हणजे घाबरलेला समाज म्हणतो कडक वागा, सरकार एका अख्ख्या वस्तीशी कडक वागतं, त्या वस्तीतला एखादा पोरगा तिकडे जातो, आणि परत सगळे घाबरतात.

आता खरं सांगणारं कोणी नसणं. जानेवारी २०१५ मध्ये नायजेरियाच्या बागा गावावर बोको हराम या तिथल्या अतिरेकी गटाने हल्ला केला. किती गेले? सरकार म्हणालं दीडशे, दुसरीकडून आकडा आला दोन हजारांपर्यंत. दीडशे आणि दोन हजार, यांच्यामध्ये कितीतरी माणसं आहेत जी मेली की जिवंत आहेत हेच कोणाला सांगता येत नाहीये! अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाने कशावर विश्वास ठेवायचा? मग शेजाऱ्याच्या फोनवर आलेला मेसेज हीच बातमी होते. त्याच आठवड्यात पॅरिसमध्ये शार्ली एब्दो या व्यंगचित्र साप्ताहिकावर हल्ला झाला आणि सगळं जग तिकडे बघत होतं, बागा कुठे आहे हे सुद्धा बहुतेकांना माहीत नव्हतं. भारतातही ऑगस्ट २०१२ मध्ये नुसत्या एसएमएसवर आणि खोट्या फोटोंवर ईशान्येकडचे हजारो लोक बंगळुरूहून ट्रेन भरभरून निघून गेले, सरकारला काही दिवस दिवसाला पाचच एसएमएस अशी मर्यादा घालावी लागली.

राजधानीची भीती आणि गावाची भीती हाही एक वेगळाच प्रकार आहे, तो पेरूच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतो. १९८० पासून तिथे शायनिंग पाथ या माओवादी गटाचा हिंसाचार चालू होता, डोंगराळ भागातली खेडी एका बाजूने गट आणि दुसऱ्या बाजूने लष्कर अशी दोन्हीकडून भरडली जात होती. पण राजधानी लिमातल्या सुखवस्तू लोकांना खरी धडकी भरली ती जुलै १९९२ मध्ये, त्यांच्या स्वतःच्या मिराफ्लोरेस भागात तराता रस्त्यावर गाडीबॉम्ब फुटला तेव्हा. बारा वर्षांनी! नंतर २००३ मध्ये सत्यशोधन आयोगाने अहवाल दिला, अंदाजे ६९ हजार मृत आणि बेपत्ता, आणि त्यातले चारातले तीन जण क्वेचुआ किंवा तिथल्या दुसऱ्या मूळ भाषा बोलणारे. ज्यांनी सगळ्यात जास्त भोगलं त्यांची भीती टीव्हीवर आलीच नाही. आजही तसंच आहे, २०२३ मध्ये अतिरेकी हल्ल्यांत सगळ्यात जास्त माणसं गेली ती बुर्किना फासोत, जवळपास दोन हजार, आणि मला नाही वाटत तुमच्या मोबाईलने तुम्हाला त्यातला एक तरी व्हिडिओ दाखवला असेल.

आणि या भीतीवर निवडून येणारे असतात, तेही विसरू नका. पेरूत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी एप्रिल १९९२ मध्ये संसदच बंद करून टाकली आणि लोकांनी मोठ्या संख्येने त्याला पाठिंबा दिला, इतके ते थकले होते. गट संपून इतकी वर्षं झाली तरी तिथे अजून कोणी मोर्चा काढला की त्याला दहशतवादी म्हणून मोकळे होतात. श्रीलंकेत ईस्टरनंतर आठवड्याभरातच गोटाबाया राजपक्षांनी निवडणूक लढवणार म्हणून सांगितलं, मुद्दा सुरक्षेचा, आणि नोव्हेंबरात जिंकले. दरम्यान मे महिन्यात तिथे मुसलमानांची घरं, दुकानं, मशिदी फोडल्या गेल्या, ज्यांचा त्या स्फोटांशी काही संबंध नव्हता. मला याचा फार राग येतो. लोकांची भीती खरी असते, तिच्यात खोटं काही नसतं, पण ती कुठे वळवायची हे भलतेच लोक ठरवतात.

तुमच्या घरच्या ग्रुपवर आता तेच चाललंय, लहान प्रमाणात. म्हणून एक घटना सांगते, ती तिथे जरूर टाका. नोव्हेंबर २०१४ मध्ये केनियात मांडेराजवळ अल शबाबने बस अडवली, मुसलमान नसलेले प्रवासी वेगळे काढले आणि २८ जणांना मारलं. वर्षभराने, डिसेंबर २०१५ मध्ये, त्याच भागात परत बस अडवली, परत तीच मागणी, वेगळे व्हा. या वेळी बसमधले मुसलमान प्रवासी, बहुतेक सोमाली, हलायला तयार झाले नाहीत. बायकांनी आपल्या ओढण्या ख्रिश्चन बायकांना डोकं झाकायला दिल्या, आणि मारायचं तर सगळ्यांना मारा नाहीतर सोडा असं सांगितलं. सलाह फराह नावाचे एक शिक्षक होते त्यात, त्यांना गोळी लागली आणि जानेवारीत ते गेले. केनियाने त्यांचा मरणोत्तर सन्मान केला. तर सोमाली रूममेट म्हणजे धोका असं ज्यांना वाटतं त्यांना हे वाचू द्या. तिथली भाषा येणारा, कुठे जावं कुठे जाऊ नये हे कळणारा माणूस मुलाच्या बाजूच्या खोलीत आहे ही तुमच्यासाठी काळजी कमी करणारी गोष्ट आहे, मुलाला शिफ्ट व्हायला अजिबात सांगू नका.

आता कामाचं बोलू. भित्र्या माणसाच्या तोंडावर रस्ते अपघातांचे आकडे फेकणारे लोक मला आवडत नाहीत. केनियात दरवर्षी चार हजारांच्या वर माणसं रस्त्यावर मरतात आणि अतिरेकी हल्ल्यांत त्यामानाने फार कमी, हे खरंय, पण कोणीतरी ठरवून, माणूस निवडून मारणं आणि गाडीचा ब्रेक न लागणं हे मनाला सारखं वाटूच शकत नाही. तेव्हा तुम्हाला कमी घाबरा असं सांगायला मी तो आकडा देत नाहीये, मुलाशी काय बोलायचं ते ठरवायला देतेय. रोज फोनवर "मॉलला जाऊ नकोस" म्हणताय, त्याऐवजी सीटबेल्ट लावतोस का, रात्री उशिरा माटाटूने म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसने लांबचा प्रवास करतोस का, हे विचारा. मॉलच्या दारात वेस्टगेटनंतर बॅगा तपासतात, गाड्या तपासतात, तो विषय आता सोडून द्या.

आणि आता ती लामूची ओळ. ताई, तुमच्या अख्ख्या पत्रात खरी विचारण्यासारखी गोष्ट तीच आहे, आणि नेमकं तिथेच तुम्हाला बरं वाटतंय. लामू बेट सुंदरच आहे, तिथे लोक फिरायला जातातच. पण लामू काउंटी सोमालियाच्या सीमेला लागून आहे, जून २०१४ मध्ये त्याच काउंटीतल्या म्पेकेटोनी गावात साठच्या आसपास माणसं मारली गेली, आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्यावर बसवर हल्ले झालेत, इतके की बसना पोलिसांच्या बंदोबस्तात ताफ्याने न्यावं लागलंय. समुद्र दिसला की सुरक्षित वाटतं आणि मॉल दिसला की धोका वाटतो, कारण मॉलचा व्हिडिओ आपण बघितलाय आणि त्या रस्त्याचा नाही. जाऊ नको म्हणून रडारड करू नका, त्याने तो तुम्हाला सांगायचंच बंद करेल आणि ते तुमच्या दोघांसाठी वाईट. एवढंच म्हणा की बसने नको, विमानाने जा, नैरोबीहून तिथे विमानं जातात, आणि जायच्या आधी त्या आठवड्यात काय परिस्थिती आहे ते ऑफिसातल्या लोकांना आणि रूममेटला विचार. उत्तर बरं नाही आलं तर मोम्बासाच्या बाजूला पण समुद्रच आहे.

दुसरं, खरं कोण सांगणार हा प्रश्न तुमच्यापुरता तुम्ही दोघं सोडवू शकता. आजच ठरवून ठेवा की शहरात काहीही झालं तर तो पहिल्यांदा एक छोटा मेसेज टाकेल, ठीक आहे एवढाच, फोन नाही, कारण अशा वेळी नेटवर्क जाम होतं आणि कोणी लपून बसलं असेल तर वाजणारा फोन धोक्याचा असतो. तुम्ही पण अशा वेळी सारखे कॉल लावायचे नाहीत, कितीही जीव तुटला तरी. त्याच्या ऑफिसातल्या एका माणसाचा आणि रूममेटचा नंबर तुमच्याकडे हवा. भारतीय उच्चायुक्तालयात त्याने नाव नोंदवलंय का ते विचारा, नसेल तर या आठवड्यात करून टाकायला सांगा. आणि त्याचा मेसेज येईपर्यंत टीव्ही नाही, ग्रुप नाही, कारण पहिल्या दोन-तीन तासांत जे आकडे आणि नावं फिरतात त्यातलं बरंच नंतर खोटं निघतं.

व्हिडिओ बंद. हळूहळू कमी करते असं नको, बंदच. केनियाची माहिती हवी असेल तर दिवसा, एकदा, तिथलंच एखादं वर्तमानपत्र वाचा, डेली नेशन किंवा द स्टँडर्ड, दोन्ही इंग्रजीत आणि ऑनलाइन आहेत. तिथे तुम्हाला राजकारण दिसेल, परीक्षेचे निकाल दिसतील, पुराच्या बातम्या, फुटबॉल, आणि कधीतरी सीमेवरच्या हल्ल्याचीही बातमी दिसेल, पण ती त्या सगळ्याच्या मध्ये, जेवढ्यास तेवढी दिसेल. मुलगा ज्या शहरात राहतोय ते शहर तुम्हाला अजून दिसलंच नाहीये. त्यालाही सांगा की "सगळं नॉर्मल" म्हणून विषय बंद करू नकोस, ऑफिसचा रस्ता दाखव, व्हिडिओ कॉलवर रूममेटशी बोलायला दे.

ग्रुपवरच्या फॉरवर्डना उत्तर देत बसू नका, फक्त पुढे पाठवू नका. कोणी फारच मागे लागलं तर मुलालाच त्यांच्याशी बोलू द्या, तो तिथे राहतो, त्याला जास्त माहितीये.

आणि ही झोप. तुम्ही लिहिलंय की दीड महिना झाला धड झोप नाही, छातीत धडधडतं, जेवण जात नाही. हे सगळं करून दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जा, आधी तुमचे नेहमीचे, मग ते म्हणतील तर मानसोपचारतज्ज्ञ. मोबाईल किती वाजेपर्यंत बघता आणि रात्री किती वेळा जाग येते ते चार दिवस कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद बरोबर न्या, डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल. लामूचं मात्र त्याआधी विचारा, डिसेंबरची तिकिटं लवकर काढतात.